विश्लेषण : गाडी विकताना विचारले, बिघडल्यावर ऐकले नाही... जनरल मोटर्सचा इतिहास मालकांच्या बाजूने कसा दिसतो?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मार्च २०१० मध्ये एका तरुण परिचारिकेच्या शेवरोले कोबाल्ट गाडीला अपघात झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. चालू गाडीचे इंजिन मध्येच बंद पडते, अशी तक्रार घेऊन काही दिवसांपूर्वीच ती डीलरकडे जाऊन आली होती. गाडी दुरुस्त करून परत मिळाली होती. दोष मात्र दुसरीकडेच, चावी फिरवण्याच्या स्विचमध्ये होता. तो कंपनीने चार वर्षांनंतर, २०१४ मध्ये मान्य केला. तोवर अनेकांचे जीव गेले होते.

ही गाडी बनवणारी जनरल मोटर्स शंभर वर्षांहून जुनी कंपनी. मुंबईच्या शिवडीत १९२८ मध्ये तिने गाड्या जुळवल्या आणि पुण्याजवळच्या तळेगावात २०२० पर्यंत गाड्या बनवल्या. मोटार कंपन्यांचा इतिहास सहसा मालक, मॉडेल आणि विक्रीच्या आकड्यांतून सांगितला जातो. गाडी विकत घेतलेल्यांच्या अनुभवातून तो पाहिला, तर वेगळेच चित्र दिसते. गाडी विकण्यापूर्वी ग्राहकाचे मन जाणून घेण्यात ही कंपनी जगात आघाडीवर होती. गाडी विकल्यानंतर त्याच ग्राहकाचे ऐकण्यात ती पुन्हा पुन्हा कमी पडली.

कंपनीची सुरुवात कशी झाली?

मिशिगन राज्यातील फ्लिंट हे घोडागाड्या बनवणारे शहर होते. तेथील विल्यम ड्युरंट हा घोडागाड्यांचा मोठा उत्पादक. मोटारगाड्या धूर आणि आवाज करतात म्हणून सुरुवातीला त्याला त्या आवडत नसत. पण १९०४ मध्ये अडचणीत आलेली ब्युइक कंपनी त्याने हाती घेतली आणि चार वर्षांत तिला देशातील प्रमुख मोटार कंपन्यांच्या रांगेत नेऊन बसवले. १६ सप्टेंबर १९०८ रोजी त्याने जनरल मोटर्सची स्थापना केली. पाठोपाठ ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला.

खरेदीच्या या धडाक्यात कर्ज वाढले आणि १९१० मध्ये बँकांनी त्याच्याकडून कारभार काढून घेतला. ड्युरंट स्वस्थ बसला नाही. लुई शेवरोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूला हाताशी धरून त्याने १९११ मध्ये शेवरोले कंपनी काढली. तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स पुन्हा ताब्यात घेतली आणि १९२० मध्ये दुसऱ्यांदा गमावली. या उद्योगाचा पाया घालणारा हा माणूस उतारवयात फ्लिंटमध्ये बोलिंग खेळाचे केंद्र चालवत होता.

ग्राहकाला विचारण्याची पद्धत कोणी आणली?

कंपनीला शिस्त लावली ती १९२३ मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी. तेव्हा बाजारावर हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीचे राज्य होते. ती स्वस्त आणि दणकट होती, पण अनेक वर्षे केवळ काळ्या रंगात मिळत असे. स्लोन यांचा हिशेब वेगळा होता. पहिली गाडी घेणाऱ्याला शेवरोले, पगार वाढला की पॉन्टियाक, मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि सरतेशेवटी कॅडिलॅक अशी शिडीच त्यांनी उभी केली. दरवर्षी रूप बदलायचे, म्हणजे कालची गाडी आज जुनी वाटेल, हे धोरणही त्यांच्याच काळात रुजले. गाडी हप्त्यांवर देण्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच स्वतःची वित्तसंस्था काढली होती. अखेर १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली.

तिसाव्या दशकात कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. ग्राहक संशोधनाचा स्वतंत्र विभाग काढून लाखो वाहनधारकांना टपालाने प्रश्नावल्या पाठवल्या. दिवे कुठे असावेत, दरवाजा कसा उघडावा, गाडीत सर्वांत महत्त्वाचे काय वाटते, असे प्रश्न त्यात असत. त्या काळात एवढ्या मोठ्या प्रमाणावर गिऱ्हाईकाचे मत विचारणे ही नवी गोष्ट होती.

मात्र हा सगळा खटाटोप पुढची गाडी कशी विकायची यासाठी होता. विकलेल्या गाडीत काय चुकले, हे त्याच तत्परतेने वर पोहोचवणारी यंत्रणा उभी राहिली नाही. पुढच्या अनेक प्रकरणांचे मूळ इथे आहे.

१९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षे जनरल मोटर्स जगातील सर्वाधिक वाहने विकणारी कंपनी राहिली. १९५५ मध्ये एका वर्षात १०० कोटी डॉलरहून अधिक नफा कमावणारी ती पहिली अमेरिकी कंपनी ठरली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या तिच्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीला एकट्यादुकट्या मालकाची तक्रार ऐकण्याची घाई नव्हती.

कॉर्व्हेर प्रकरणाने काय बदलले?

१९६० सालच्या मॉडेलांत शेवरोलेने कॉर्व्हेर ही लहान गाडी आणली. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. अमेरिकेत हा धाडसी प्रयोग होता. पण मागच्या चाकांची रचना अशी होती, की वेगात वळण घेताना गाडीचा मागचा भाग घसरण्याचा धोका राही. तोल सावरणारी एक दांडी पुढच्या बाजूला बसवता आली असती; खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीच्या गाड्यांत ती वगळली गेली. त्याऐवजी पुढच्या टायरमध्ये कमी आणि मागच्या टायरमध्ये जास्त हवा ठेवा, अशी सूचना दिली गेली. पेट्रोल पंपावर चारही टायरमध्ये सारखी हवा भरून घेणाऱ्या सामान्य माणसाला या सूचनेचे महत्त्व कसे कळणार?

अपघात झाले, खटले दाखल झाले. तरुण वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटार उद्योगावर लिहिलेल्या पुस्तकाचे पहिले प्रकरणच कॉर्व्हेरवर होते. कंपनीने त्यांच्या खासगी आयुष्यात काही सापडते का, हे शोधण्यासाठी गुप्तहेर लावले. ते उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. सदोष गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची आजची व्यवस्था त्या कायद्यातून आली.

याला दुसरी बाजूही आहे. १९७२ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्ष असा निघाला, की सुरुवातीच्या कॉर्व्हेर गाड्या त्या काळातील तशाच इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हत्या. आजही अमेरिकेत या गाडीवर जीव टाकणाऱ्या मालकांची संघटना आहे. एकाच गाडीचे दोन मालक दोन टोकाचे अनुभव सांगतात, तेव्हा खरे काय हे ठरवायला स्वतंत्र चाचणी लागते. कंपनीने मात्र चाचणीआधी टीकाकारालाच गाठायचे ठरवले आणि त्यात तिची अब्रू गेली.

ओल्ड्समोबिलमध्ये शेवरोलेचे इंजिन कसे आले?

सत्तरच्या दशकात जपानी गाड्या अमेरिकेत पाय रोवू लागल्या. त्यांना उत्तर म्हणून १९७० मध्ये आलेल्या शेवरोले व्हेगाचे सुरुवातीला कौतुक झाले, पुरस्कारही मिळाला. काही वर्षांतच मालकांच्या लक्षात आले, की ॲल्युमिनियमचे इंजिन तापते, तेल पिते आणि पत्रा गंजतो. ओहायोतील लॉर्ड्सटाऊन येथे ही गाडी बनत असे. ताशी शंभरच्या आसपास गाड्या बाहेर काढणाऱ्या त्या कारखान्यात कामगारांनी १९७२ मध्ये संप केला. घाई आधी कामगाराला जाणवली आणि मग गिऱ्हाईकाला.

१९७७ मध्ये तर शिडीची कल्पनाच मोडीत निघाली. ओल्ड्समोबिलचा मालक शेवरोलेपेक्षा जास्त पैसे मोजत असे, कारण ओल्ड्समोबिलच्या ‘रॉकेट’ इंजिनाचा मोठा गाजावाजा होता. एका गाडीला देखभालीच्या वेळी ओल्ड्समोबिलचा सुटा भाग बसेना, तेव्हा आत शेवरोलेचे इंजिन असल्याचे उघड झाले. हजारो गाड्यांत तसेच निघाले. इंजिन वाईट नव्हते. पण ते बदलल्याचे मालकाला सांगितले नव्हते. राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कारवाई सुरू केल्यावर कंपनीने ग्राहकांना २०० डॉलर आणि वाढीव वॉरंटी देऊ केली. पाठोपाठ आलेल्या डिझेल इंजिनांनी उरलासुरला विश्वास घालवला. ही ओल्ड्समोबिल पुढे २००४ मध्ये कायमची बंद झाली.

मालकांचे प्रेम लाभलेल्या गाड्या का टिकल्या नाहीत?

ऐकून घेण्याचे प्रयोग या कंपनीत झालेच नाहीत असे नाही. १९८५ मध्ये घोषित झालेली सॅटर्न ही त्यांची नवी कंपनी. टेनेसीतील स्प्रिंग हिल येथे १९९० मध्ये तिची पहिली गाडी बाहेर पडली. शोरूममध्ये किमतीची घासाघीस नाही, जो भाव लावला तोच सर्वांना, आणि विकल्यानंतर गिऱ्हाईकाची आपुलकीने विचारपूस, ही तिची ओळख होती. कंपनीने १९९४ मध्ये मालकांना कारखाना पाहायला बोलावले, तेव्हा सुमारे ४४ हजार लोक आले. जत्रेला जावे तसे लोक एका साध्या, लहान गाडीच्या कारखान्यावर गेले.

गाडी तांत्रिकदृष्ट्या फार वरची नव्हती, तिला ओढून आणणारा अनुभव हा विक्रीनंतरच्या वागणुकीचा होता. मात्र समूहातील जुन्या विभागांना सॅटर्नवर होणारा खर्च खुपत होता. नवी मॉडेल येण्यास उशीर झाला, जी आली ती दुसऱ्या विभागांच्या गाड्यांची भावंडे होती. दिवाळखोरीनंतर २०१० मध्ये सॅटर्नचे दार बंद झाले.

ईव्ही-वन या विजेवरच्या गाडीची कथा याहून चटका लावणारी. १९९६ ते १९९९ या काळात १,११७ गाड्या बनल्या. त्या विकल्या नाहीत, केवळ भाडेकराराने दिल्या. करार संपल्यावर कंपनीने गाड्या परत घेतल्या. चालवणाऱ्यांनी विनवण्या केल्या, पैसे मोजून विकत घ्यायची तयारी दाखवली, आवाराबाहेर पहारा दिला. तरीही काही संग्रहालयांना दिलेल्या गाड्या वगळता बहुतेक चिरडून भंगारात गेल्या. सुटे भाग आणि कायदेशीर जबाबदारीची अडचण कंपनीने पुढे केली. विजेच्या गाड्यांत दहा वर्षांची आघाडी हातात असताना कंपनीने ती स्वतःहून सोडली, एवढे मात्र खरे.

इग्निशन स्विचचे प्रकरण नेमके काय होते?

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अमेरिकी सरकारने सुमारे पाच हजार कोटी डॉलर ओतून ती वाचवली. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचे समभाग विकले, तेव्हा करदात्यांना एक हजार कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. पॉन्टियाक बंद झाली, हमर बंद झाली, साब विकली गेली. जानेवारी २०१४ मध्ये मेरी बारा यांच्या हाती सूत्रे आली आणि पुढच्याच महिन्यात जुने पाप वर आले.

सॅटर्न आयन, शेवरोले कोबाल्ट अशा स्वस्त गाड्यांत बसवलेला इग्निशन स्विच हवा तेवढा घट्ट नव्हता. जड जुडगा लटकत असेल, गुडघा लागला किंवा रस्त्यात धक्का बसला, तर चावी आपोआप मागे फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेकचे साहाय्य जाई. त्याहून घातक म्हणजे एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटे. म्हणजे अपघात होण्याची शक्यता वाढे आणि नेमक्या त्याच क्षणी जीव वाचवणारी पिशवी उघडत नसे.

मालकांनी हे २००४-०५ पासून सांगायला सुरुवात केली होती. कंपनीने त्याची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात केली. सुरक्षेचा प्रश्न ठरला असता, तर घड्याळ लावून काम झाले असते. गैरसोय म्हटल्यावर दुरुस्तीचा खर्च परवडतो का, हा प्रश्न आधी आला. २००५ मध्ये डीलरना पत्रक गेले, की ग्राहकांना जुडग्यातील जड वस्तू काढायला सांगा. स्विच सुधारण्याचा खर्च गाडीमागे एका डॉलरहून कमी होता.

२००६ मध्ये स्विच बदलला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना भाग कोणता आणि नवा कोणता, हे कंपनीच्याच तपासनिसांना वर्षानुवर्षे कळेना. जॉर्जियातील त्या परिचारिकेच्या कुटुंबाने खटला भरला. त्यांच्या बाजूच्या अभियंत्याने बाजारातून नवा स्विच विकत आणला, अपघातग्रस्त गाडीतला जुना खोलून शेजारी ठेवला आणि दोन्हींतला फरक दाखवला. हजारो अभियंत्यांच्या कंपनीला जे सापडले नव्हते, ते असे सापडले.

त्याआधी, २००७ मध्येच विस्कॉन्सिनच्या एका पोलिसाने एका अपघाताचा तपास करताना स्विच बंद होणे आणि एअरबॅग न उघडणे यांचा संबंध जोडला होता. त्यासाठी त्याने वापरले काय? डीलरना गेलेले ते पत्रक आणि सरकारी यंत्रणेकडे इतर मालकांनी नोंदवलेल्या, कोणालाही वाचता येणाऱ्या तक्रारी. त्याचा अहवाल कंपनीच्या फायलींत पडून राहिला. सरकारी सुरक्षा यंत्रणेनेही त्या काळात चौकशी सुरू करायची नाही असेच ठरवले. दोष एकट्या कंपनीचा नव्हता.

कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या अहवालात आतल्या कारभाराचे चित्र आले. बैठकीत सर्वांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, या सवयीला कंपनीत नावसुद्धा पडले होते. कर्मचाऱ्यांना दिलेल्या एका प्रशिक्षणात अहवालांमध्ये कोणते शब्द टाळावेत याची यादीच होती. ‘दोष’ हा त्यातलाच एक. ज्याला दोष म्हणायचे नाही तो दुरुस्त तरी कसा होणार?

सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीला ९० कोटी डॉलर भरून फौजदारी प्रकरण मिटवावे लागले. पंधरा जणांना काढण्यात आले. दिवाळखोरीपूर्वीच्या चुका ‘जुन्या’ कंपनीच्या, आमच्या नव्हेत, हा ‘नव्या’ कंपनीचा बचावही २०१६ मध्ये अपील न्यायालयाने या प्रकरणापुरता अमान्य केला.

त्यानंतर कंपनी बदलली का?

काही प्रमाणात, हो. विजेवर चालणाऱ्या शेवरोले बोल्टच्या काही गाड्यांनी पेट घेतल्यावर २०२१ मध्ये कंपनीने तोवर विकलेल्या सर्वच, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार बोल्ट परत बोलावल्या आणि बॅटऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले. सदोष पेशी पुरवणाऱ्या एलजीकडून मोठा खर्च वसूल केला. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना मात्र गाडी उघड्यावर, इतर गाड्यांपासून लांब उभी करा, रात्री घरात चार्जिंगला लावून झोपू नका, असे ऐकावे लागले. नव्या गाडीची हौस असलेल्याला हे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येईल. तरी कोबाल्टच्या वेळी दहा वर्षे गेली, इथे कंपनीने आपणहून दोष मान्य केला. फरक आहे आणि तो १२४ मृत्यूंनंतर पडला आहे.

भारतातील मालकांचा अनुभव काय?

शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. केवळ सुटे भाग आणून जुळवणी करण्यावर सरकारने घातलेल्या निर्बंधांनंतरचा तो निर्णय होता. नव्वदच्या दशकात कंपनी परतली. गुजरातमधील हालोल येथून ओपेल ॲस्ट्रा आली, २००३ पासून शेवरोले हे नाव आले आणि २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. ऑप्ट्रा, स्पार्क, बीट, क्रूझ रस्त्यांवर दिसू लागल्या. टॅव्हेराने तर प्रवासी वाहतुकीत जम बसवला.

इथेही तोच दोष दिसला. नावे भराभर बदलली. ओपेल घेणाऱ्याला काही वर्षांत कळले, की आता या नावाची गाडीच भारतात नाही. शेवरोलेची पाटी लावलेली स्पार्क मूळची देवूची मॅटिझ होती. जुलै २०१३ मध्ये २००५ पासूनच्या सुमारे १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावण्याची वेळ आली. उत्सर्जन चाचणीसाठी दिल्या जाणाऱ्या इंजिनांत कर्मचाऱ्यांनीच हेराफेरी केल्याचे कंपनीने सरकारला कळवले होते.

२०१५ मध्ये भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. दोनच वर्षांत, मे २०१७ मध्ये, वर्षअखेरीस भारतात विक्री बंद करणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. बाजारातील हिस्सा तेव्हा एक टक्क्याहूनही खाली होता. घोषणेवर विश्वास ठेवून नुकतीच गाडी घेतलेल्यांच्या गाडीची किंमत एका दिवसात पडली. सर्व्हिस आणि सुटे भाग मिळत राहतील, असे आश्वासन कंपनीने दिले. पण शोरूम मिटली, की जवळचे सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात जाते, एखाद्या भागासाठी गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक नाव ऐकूनच पुढे जाते. गाडी चांगली चालत असली तरी हे चुकत नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा आणखी लाखो मालकांपुढे हीच चिंता उभी राहिली.

तळेगावचे पुढे काय झाले?

तळेगावातून मेक्सिकोसारख्या देशांना निर्यात काही काळ सुरू राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला विक्रीचा व्यवहार मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. सुमारे १,४०० कामगारांचा प्रश्न न्यायालयांत गेला. अखेर ह्युंदाईने हा कारखाना घेतला. हालोलचा कारखाना त्याआधीच चीनच्या एसएआयसीकडे गेला होता आणि तिथून एमजीच्या गाड्या निघू लागल्या.

इमारती, यंत्रे आणि जमीन यांना नवे मालक मिळतात. गाडीच्या मालकाला आणि कामगाराला तसा पर्याय नसतो. फ्लिंटमध्येही वेगळे घडले नाही. १९३६-३७ च्या हिवाळ्यात ४४ दिवस कारखान्यातच ठाण मांडून कामगारांनी याच कंपनीकडून संघटनेची मान्यता मिळवली होती. कंपनीने तिथले काम कमी करत नेल्यावर त्या शहराची जी पडझड झाली, ती जगाने पाहिली.

भारताने यातून काय घ्यावे?

भारतात २०१२ पासून कंपन्यांनी स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची पद्धत होती. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सरकारला सक्तीचा रिकॉल करण्याचा अधिकार दिला आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास चौकशी, नियम मोडल्यास एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. हे चांगलेच झाले. पण सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच ही व्यवस्था आहे. भारतात गाडी दहा-पंधरा वर्षे वापरली जाते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जुनी गाडी घेणारा सहसा कमी उत्पन्नाचा असतो आणि कायद्याचे संरक्षण नेमके त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एक कोटीचा दंडही मोठ्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ आहे.

जनरल मोटर्सच्या इतिहासातून तीन गोष्टी उघड दिसतात. एक, वाहनांविषयीच्या तक्रारी सर्वांना वाचता येतील अशा असायला हव्यात. विस्कॉन्सिनचा पोलिस सत्यापर्यंत पोहोचला, कारण दुसऱ्या मालकांनी काय सांगितले हे त्याला वाचता आले. तक्रार कंपनी आणि सरकार यांच्यातच राहिली, तर प्रत्येक मालकाला वाटत राहते की बिघाड आपल्याच गाडीत आहे. दोन, सुट्या भागात बदल केला की क्रमांक बदललाच पाहिजे आणि तो का केला हे नोंदवलेच पाहिजे. बाब कारकुनी वाटेल, पण तीच झाली नाही म्हणून दोष वर्षानुवर्षे लपला. तीन, देश सोडणाऱ्या कंपनीने सुटे भाग आणि सेवा किती वर्षे द्यायची हे तिच्या आश्वासनावर न सोडता कायद्याने ठरवावे आणि त्यासाठीची रक्कम जाण्यापूर्वीच बाजूला काढून घ्यावी. विक्रेत्यांची संघटना आपल्या संरक्षणासाठी कायदा मागत आली आहे. ग्राहकांची अशी संघटना नाही, म्हणून त्यांच्या वतीने सरकारनेच हे पाहायला हवे.

यामुळे कंपन्या भारतात यायला कचरतील, असा आक्षेप घेतला जाईल. कॉर्व्हेरनंतर अमेरिकेत कडक कायदे आले, तेव्हा तिथल्या मोटार उद्योगानेही हीच ओरड केली होती. पुढे तो उद्योग अडचणीत आला, त्याला गाडीची प्रत आणि इंधनाचा खर्च या दोन्हींत सरस ठरलेल्या जपानी गाड्या कारणीभूत होत्या. त्या जपानी कंपन्यांनाही तेच कायदे लागू होते.

सामान्य कुटुंबासाठी घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी गाडीची असते. तिच्या चावीवर आणि एअरबॅगवर तो डोळे मिटून भरवसा ठेवतो, कारण त्या तपासण्याचे साधन त्याच्याकडे नसते. त्याच्याकडे असते ती फक्त तक्रार. ती ‘गैरसोय’ आहे की ‘धोका’, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे राहिला, की काय होते ते कोबाल्टच्या मालकांनी भोगले आहे.